माझं 'हाव' खरं धरू नका

हे मी लिहिलेलं नाही. मी बोललो आणि माझ्या मुलीनं, वैशूनं लिहिलं. बोललो म्हणजे काय, अडलो, चिडलो, दोनदा कागद फाडायला निघालो. शब्द सापडला नाही की ती तीन-चार शब्द समोर ठेवते, मी त्यातला एक उचलतो. एकेका ओळीला चहा थंड होतो. ती बी.ए. झालेली, म्हणून माझी बोली नीटनेटकी करून लिहिते. पण घरात जे जसं बोललं गेलं ते तसंच राहू दे, म्हणून मी अडून बसलो आहे.

आमचं नालवाडीच्या बाजूला शेत आहे. वांगी, मेथी, सांभार. वैशूनं इथे कोथिंबीर लिहिलं होतं, खोडायला लावलं.

माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेले. पाय बराच परत आला, हात थोडा, बोलणं अजून येतंय. मला सांगायचं आहे ते मात्र एका शब्दाबद्दल, जो गेला नाही. तोही गेला असता तर बरं झालं असतं.

आष्टीचा बाजार

आजाराच्या आदल्या दिवसापासून सुरू करावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वैशूसाठी एक स्थळ आलं होतं. आष्टीजवळच्या गावचं, घर चांगलं, मुलगा नोकरीला. माझ्या धाकट्या भावानं, दामूनं आणलेलं. आम्ही दोघं जाऊन घर पाहून आलो होतो. पण घर पाहणं म्हणजे काय, त्यांनी दाखवलेली विहीर, त्यांनी दाखवलेला गोठा आणि पोहे. मी भाजीवाला माणूस. पाटीत वर रचलेला माल पाहून मी कधी भाव करत नाही, तळात हात घालतो. म्हणून कोणाला न सांगता एसटीनं आष्टीला गेलो, आठवडी बाजाराच्या दिवशी. दामूला कळतं तर त्याला राग आला असता, की दादाचा माझ्यावर भरोसा नाही.

वांगेवाल्यांच्या रांगेत एका म्हाताऱ्याजवळ टेकलो. मालाच्या, पाण्याच्या गोष्टी झाल्या. मग हळूच त्या घराचं नाव काढलं. म्हाताऱ्याचा हात थांबला.

"तुमची पोरगी हाये का?"

"हाव," मी म्हणालो. आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात.

"एकुलती?"

"हाव."

"मंग नका देऊ."

त्यानं हनुवटीनं मागे दाखवलं. मागे त्याची मुलगी बसली होती, गिऱ्हाइकाला वांगी देत होती. सगळं डाव्या हातानं. उजवा हात कोपराजवळ वाकडा जुळलेला होता, तो मांडीवर ठेवलेला.

"चार महिने नांदली तेथं. देवळात लगन लावलं, मोजून पाच माणसं. त्याच पोरानं मारून हात मोडला, तं दवाखान्यात नेलं नाई, घरीच फडक्यानं बांधून ठेवला. आता ते म्हणतात असं लगन झालंच नाई." म्हातारा खाली पाहून बोलत होता. "माझं नाव सांगू नका. मले त्याच गावात राहा लागते."

मी शपथ घेतली. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वांगी तोलू लागली.

संध्याकाळी घरी पोचलो तर दामूच्या सासरचे पाहुणे बसलेले. पाहुण्यांसमोर कसं काढायचं? उद्या सकाळी सांगू म्हटलं. त्या 'उद्या सकाळी'चा राग मला अजून येतो. हातचं काम उद्यावर टाकू नये हे मी सगळ्या जगाला सांगत आलो आणि नेमकं हेच टाकलं.

सकाळ

सकाळी वांगी तोडत होतो. वैशूची आई बाजूच्या ओळीत होती. आता सांगावं म्हणून तोंड उघडलं. वाक्य डोक्यात तयार होतं, ते स्थळ आपल्याला नको. तोंडातून काय निघालं ते मला आजही माहीत नाही.

ती हसली. "काय वो, सकाळी सकाळी कोणाची नक्कल करून राह्यले?"

मग तिनं माझं तोंड पाहिलं, वाकडं झालेलं. माझ्या हातातलं वांगं पडलं. मी ते सोडलं नव्हतं, ते आपलं आपणच पडलं. ते उचलायला वाकलो आणि ओळीतच बसलो.

दामूनं मालाच्या ऑटोत घालून सेवाग्रामला नेलं. वेळेत आणलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. फोटो दाखवून त्यांनी घरच्यांना सांगितलं, की डाव्या बाजूला मार बसला आहे, बोलण्याची जागा तिथेच असते. मी पडून ऐकत होतो. अर्धं कळत होतं, अर्धं पाण्याखालून आल्यासारखं. एक गोष्ट मात्र पक्की कळत होती, की आष्टीची गोष्ट या घरात फक्त माझ्याकडे आहे.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस लवकर सुरू होतो. बीपी, सुई, अंग पुसणं, दहाला डॉक्टरांची फेरी, मग व्यायामवाल्या ताई येऊन मेलेला हात वर-खाली करणार. जो भेटायला येई तो ओरडून बोले. "दादा, ओळखलं का?" अरे बाप्पा, मी बहिरा झालो नव्हतो. आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याआधी दुसराच कोणी देऊन मोकळा. माझ्या तब्येतीबद्दल माझ्या उशाशी बसून लोक असे बोलत जसा मी पलीकडच्या खोलीत आहे.

एक सिस्टर होत्या, त्या मात्र स्टूल ओढून बसायच्या. हळू विचारायच्या आणि मग वाट पाहायच्या. त्यांच्या समोर मला रडू यायचं आणि त्या रडू द्यायच्या. ही एवढी गोष्ट कोणालाही करता येते, पैसा लागत नाही.

चौथ्या दिवशी वैशूच्या आईनं विचारलं, "पाणी पाहिजे?" आणि माझ्या तोंडातून स्वच्छ निघालं, "हाव."

ती तोंडाला पदर लावून रडली. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं हात जोडले. दामू पेढे घेऊन आला. मलाही वाटलं, आलो आपण परत.

सुट्टी देताना डॉक्टरांनी फाइलवर एक तारीख लिहून दिली. पंधरा दिवसांनी वाचा तपासणाऱ्या मॅडमकडे आणा, बोलणं आणि समजणं किती उरलंय ते पाहावं लागेल. दामू म्हणाला, "आता कशाले? बोलते न दादा. हाव म्हणते बरोबर."

पाच माणसं

घरी आलो. चहा घेता का? हाव. पंखा लावू का? हाव. भूक लागली का? हाव. घर खूश होतं. मी नाही म्हणालो तरी चहा येतच होता. मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतात. आजारी माणसाला कोण विचारतं.

आठ दिवसांनी स्थळाचे लोक मला पाहायला आले. आणि आलेच आहात तर शब्द करून टाकू, असं ठरलं. दामूच्या मनात वाईट नव्हतं, हे मी लिहून ठेवायला लावतो आहे. त्याला वाटत होतं की दादाचं काही खरं नाही, त्याच्या डोळ्यांदेखत पोरीचं होऊन जावं. वैशूनं मुलाला एकदाच पाहिलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा म्हणतील तसं." तिचं सगळं माझ्यावर होतं.

आमच्यात पाच माणसांत मुलीच्या बापाला विचारतात. तो हो म्हणाला की सुपारी फुटते, मग साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख. फुटलेली सुपारी कोणी परत जोडत नाही.

मला खुर्चीवर बसवलं, टोपी घातली. ताट पुढे आलं. दामूनं वाकून विचारलं, "दादा, देऊ न शब्द?"

नाही, मी म्हणालो.

मी स्वतः ऐकलं. माझ्या कानांनी नाही असंच ऐकलं. आणि समोर बसलेले सगळे हसले.

मी पुन्हा म्हणालो, नाही. जोरात म्हणालो. दामूच्या डोळ्यांत पाणी आलं, तो माझ्या पाया पडला. सुपारी फुटली. मी डाव्या हातानं ताट लोटून दिलं, कुंकू माझ्या धोतरावर सांडलं.

"बिमारीनं हात कापते," मुलाचा मामा म्हणाला आणि त्यानं माझा हात प्रेमानं धरून ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी कोणाला सांगू नयेत असे आहेत. पण तुमच्या घरी असा माणूस असेल तर तुम्हाला कळायला हवं. मला वाटू लागलं, हे सगळे त्या लोकांना मिळालेले आहेत. मी नाही म्हणतो आणि हे हसतात. बायको, भाऊ, सगळे. वैशूसुद्धा. जेवण आलं की ताट उलटं करायचो. वैशूची आई जमिनीवरचा भात वेचायची आणि मी तिच्याकडे वैऱ्यासारखा पाहायचो. पंचवीस वर्षं जिनं माझ्यासोबत वाफे केले, तिच्याकडे. रात्रंदिवस एकच हिशेब, साक्षगंधाला इतके दिवस राहिले, आता इतके.

तपासणी

मला तपासणीला नेलं ते वैशूनं. दामू नको म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. "फाइलवर तारीख लिहेल हाये, मी नेतो," म्हणाली. आमच्या इकडे मुलीही नेतो, येतो असंच बोलतात.

छोटी खोली, टेबल, दोन खुर्च्या. मॅडम तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मनात म्हटलं, ही पोट्टी मला काय तपासणार. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज टिपून घेऊ का विचारलं. वैशू हो म्हणाली.

आधी चित्रं. कुलूप. मला कुलूप दिसत होतं, आमच्या मोटरच्या खोलीचं कुलूप आठवत होतं, त्याची गंजलेली किल्ली कुठे टांगली आहे तेही. नाव येत नव्हतं. कंगवा, चमचा, घड्याळ, तेच. मग म्हणाल्या एक-दोन म्हणा. एक त्यांनी म्हटलं आणि माझी गाडी दहापर्यंत धडधडत गेली. मला फार अभिमान वाटला. मग म्हणाल्या, फक्त चार म्हणा. नाही आलं. दाराकडे बोट दाखवा म्हटलं तर दाखवलं. आधी खिडकीकडे, मग दाराकडे, असं म्हटलं तर हात मध्येच हरवला.

मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहत विचारू लागल्या.

"तुमचं नाव पुंडलिक आहे का?"

मी म्हणालो, हो.

"आत्ता आपण बाजारात बसलो आहोत का?"

मी म्हणालो, नाही.

"तुम्ही बाई आहात का?"

नाही, मी म्हणालो, आणि हसलोही. काय प्रश्न.

वैशू हसली नाही. ती खुर्चीच्या कडेवर आली होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"दगड पाण्यावर तरंगतो का? ही मुलगी तुमची आई आहे का?" मॅडम विचारत गेल्या. मी नाही, नाही म्हणत गेलो. वैशूनं डोळे मिटले.

मॅडमनी कागदावर काही लिहिलं. मग मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला ऐकवू का? त्रास होईल थोडा." आणि मोबाइल लावला.

त्यातून त्यांचा आवाज आला. तुमचं नाव पुंडलिक आहे का? आणि एक घोगरा माणूस म्हणाला, हाव. आपण बाजारात बसलो आहोत का? हाव. तुम्ही बाई आहात का? हाव, आणि तो माणूस हसला. ते हसणं माझं होतं.

दगड तरंगतो का? हाव. ही तुमची आई का? हाव.

मी टेबल धरलं. आष्टी, सुपारी, दामू पाया पडलेला, सगळं एकदम अंगावर आलं. कोणी मिळालेलं नव्हतं. मीच पाच माणसांत दोनदा हाव म्हणालो होतो. मीच दिली होती तिला.

मॅडम वैशूला सांगत होत्या, "त्यांना बरंचसं समजतं. मनात उत्तर बरोबर असतं, पण तोंडाशी एकच शब्द अडकून बसलाय आणि तो निघाला हे त्यांनाच कळत नाही. मान हलवण्यावरही जाऊ नका, तीही चुकते. आत्ताच पाहिलं न. त्यांच्या 'हाव'वर कुठलाही निर्णय घेऊ नका. सही नाही, संमती नाही."

वैशूनं विचारलं, "आणि घेतला असन तं?"

मॅडमना ते कळलं नाही. मला कळलं.

निवड

नाही सांगायची दुसरी काही रीत शोधा, असं मॅडमनी सांगितलं होतं. अंगठा करून पाहिला, अंगठा वरच. लाल-हिरवे कागद आणले, मी दोन्ही उचलायचो. साक्षगंधाला नऊ दिवस उरले होते.

त्या दुपारी वैशूची आई पडवीत वांगी निवडत होती. मी बाजूला बसलो होतो. ढीग मध्ये, चांगलं टोपल्यात, किडकं बाहेर. चाळीस वर्षांचं काम, बसल्या बसल्या माझा डावा हात सुरू झाला. भोक पडलेलं बाहेर, चांगलं टोपल्यात. वैशू पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन येत होती, ती थांबली. थोडा वेळ पाहत राहिली. मग गुंड खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. एक चांगलं वांगं माझ्या हातात दिलं.

"बाबा, खरं असन तं टोपल्यात टाका. किडकं असन तं बाहेर. माह्यं नाव वैशाली."

टोपल्यात.

"मी तुमचा मुलगा होय."

"हाव," माझं तोंड म्हणालं. हातानं वांगं बाहेर फेकलं.

आई उठून उभी राहिली. वैशूनं तिला हातानं थांबवलं. "आपण सेवाग्रामले राहतो." बाहेर. "आई तुमच्यावर चिडली हाये." टोपल्यात. तेव्हा त्या दोघी हसल्या, रडत रडत.

मग वैशूचा आवाज बारीक झाला. "बाबा, ते आष्टीकडलं घर मले चांगलं हाये."

ते वांगं मी अंगणापार, रस्त्यावर फेकलं.

दामू आला तेव्हा भांडण झालं. "वांगं फेकलं म्हणून सोयरीक मोडू का? लोक शेण घालतील तोंडात. पाच माणसांत हाव म्हणाला दादा."

"काका, ते हाव नोयतं," वैशू म्हणाली. "तुमी इचारून पाहा न. तुमाले जे इचाराचं ते इचारा."

दामू माझ्यासमोर बसला. त्यानं असे प्रश्न विचारले जे आमच्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. लहानपणी विहिरीत पडलो तो मीच होतो का? बाबांची घडी तू विकली का? खऱ्यात खोटं मिसळून विचारलं. माझा हात एकदाही चुकला नाही. शेवटी तो म्हणाला, "दादा, मी आणलेल्या घरात खोट हाये?"

मी वांगं टोपल्यात ठेवलं.

"पण काऊन? काय झालं?"

आता 'का'चं उत्तर वांग्यानं कसं द्यायचं? मग तो उठला, चप्पल घातली आणि कारण माहीत नसताना शब्द परत घ्यायला गेला. तिथे त्याला काय काय ऐकावं लागलं ते त्यानं आजवर सांगितलं नाही. मुलाच्या आईनं एवढा निरोप पाठवला, की बाप डोक्यानं गेलेला, पोरगीही तशीच निघाली असती. गावात आठ-दहा महिने कोणी वैशूसाठी स्थळ आणलं नाही.

हात

मॅडमकडे आठवड्यातून दोनदा जात होतो. शब्द येत गेले, मुंगीच्या पावलानं. पहिला स्वतःचा शब्द आला तो 'हात'. मी दिवसभर हात, हात करायचो. घरच्यांना वाटायचं माझा हात दुखतो, ते तेल लावत बसायचे. दोन महिन्यांनी 'आष्टी' आलं, मग 'पोरगी', मग 'मोडला'. हे चार शब्द वैशूनं एकत्र मांडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हाताऱ्याचं नाव सांगितलं नाही. शपथ होती. बाकी सगळं कळलं.

त्या दिवशी दामू जेवला नाही.

यानंतर दिवाळी गेली आणि एक दिवस बाजारात कळलं, की त्याच मुलाचं देवळीकडल्या एका गावात जमतंय. तेही भाजीपाल्याचे लोक. पोरगी वैशूपेक्षा दोन वर्षांनी लहान.

दामू म्हणाला, "आपण गेलो तं लोक म्हणतील मोडलं म्हणून जळतात." वैशू गेली तरी तेच म्हटलं असतं. ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच होता, मी. मी मॅडमना जाऊन तुटक शब्दांत सांगितलं, मला एक वाक्य पाहिजे. चौदा दिवस आम्ही तेवढंच घोटलं. पोरगा चांगला नाई. मारते. मी पाहिलं. शेवटच्या दिवशी मी ते दहापैकी नऊ वेळा बरोबर म्हटलं. दहाव्या वेळी काय म्हटलं ते मॅडमनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी आणि वैशू गेलो. ती आधी तोंड उघडणार नाही असं ठरलं होतं. मुलीचा बाप साधा माणूस होता, हसरा. चटई टाकली, सुपाऱ्यांचं ताट पुढे ठेवलं. सुपारी दुसऱ्या दिवशी फुटायची होती, तयारी घरात मांडलेलीच होती. आतल्या दारात त्याची मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती.

मी वाक्य तोंडाशी आणलं. पोरगा चांगला. तेवढ्यात तोच बोलला.

"तुमचीच सोयरीक होती न तेथं? घर तुमी पाहून आलते म्हणतात. मले खरं सांगा भाऊ, तुमाले बिमारी झाली म्हणूनच मोडली न? पोरगा चांगला हाये न?"

नाही, मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला.

मी वैशूकडे पाहिलं. तिनं ओठ दातात धरले होते, डोळे भरले होते. मग मला कळलं काय निघालं ते. पुन्हा म्हणायला गेलो आणि या वेळी माझं मलाच ऐकू आलं, हाव. हाव.

तो म्हणाला, "बस, तुमच्या तोंडून ऐकलं, जीव हलका झाला."

माझा डावा हात ताटाकडे गेला. मी एक सुपारी उचलली आणि चटईच्या बाहेर जमिनीवर ठेवली. दुसरी उचलली, बाहेर ठेवली. तिसरी. तोंड बंद धरलं होतं, दात दातावर.

"हात कापते वाटते अजून," तो हळहळून म्हणाला आणि माझा हात धरायला पुढे वाकला.

दारातली मुलगी कप घेऊन तशीच उभी होती. ती माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहत होती.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "हात कापून नाई राह्यला त्यायचा. एकेक निवडून बाहेर ठेवून राह्यले ते."

बापानं हात मागे घेतला. ताटात दोन सुपाऱ्या उरल्या होत्या. मुलीनं कप खाली ठेवले, ताटाशी येऊन बसली आणि त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली.

"काका," ती म्हणाली, "हे मले सांगून राह्यले का?"

मी ती सुपारी बाहेर ठेवली नाही. तिच्या मांडीवरच्या हातात ठेवली, आणि तो उजवा हात कोपराजवळ, जिथे आष्टीच्या त्या पोरीचा मोडला होता तिथे, घट्ट धरून राहिलो.